काळूशेठच्या गाळ्यातले लोक

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
१४ जून २०२४

समीक्षा,

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू 'बाबा' म्हणतेस, मी आवाज चढवतो, तू फोन ठेवतेस. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून लिहितोय.

सरळच विचारतो. हे लोक तू पाठवलेस का?

कुठले लोक म्हणून वेड पांघरू नकोस. आपल्या खिडकीसमोर काळूशेठचा गाळा आहे, आधी तिथे ग्रिल बनवणारा होता, दिवसभर ठिणग्या उडायच्या. तो गेल्यापासून शटर बंदच होतं. मे महिन्यात एकदम उघडलं. रंग लागला, पंखे लागले, आणि वर पाटी आली: 'अंगण युवा केंद्र'. खाली चर्चचं नाव, इतकं बारीक की मला चष्मा घेऊन जिना उतरावा लागला. ज्याला काही लपवायचं नसतं तो बारीक अक्षरांत लिहीत नाही.

डोंबिवलीत एवढ्या गल्ल्या असताना माझ्याच खिडकीसमोर? तू मला न विचारता ज्या घरात लग्न करून गेलीस ते घर चर्चला जाणारं. विनीतचे वडील तिकडे ठाण्याच्या कोपरीत मंडळीचे कारभारी. न कळायला मी काही दुधखुळा नाही. तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. पुढच्या दाराने चढलो की मागच्या सीटवरचा बिनतिकिटाचा माणूस मला चेहऱ्यावरून कळायचा.

काळूशेठला म्हटलं, "शेठ, कोणाला जागा दिलीत माहीत आहे का?" तर हसला. "काका, भाडा येलेवर देतान, दारू पीत नाय, पोरा नाक्यावर उभी रायची ती आता आत बसतान. आनखी काय पायजे?"

त्याला कळत नाही. त्याची करिश्मासुद्धा जायला लागली आहे तिथे. तुला आठवते ना, तू तिला पाढे शिकवायचीस. आता एकोणीस वर्षांची आहे. बारावी सायन्स केलं आणि घरी बसवलीय, स्थळं बघतायत.

केंद्र चालवणारी शालू नावाची बाई आहे. तिशीची असेल. सुती कुर्ता, कपाळ मोकळं. मला बघितलं की म्हणते, "काका, चहा घ्यायला या ना." ओळख ना पाळख, फुकट चहा कोण पाजतं?

उत्तर दे. खरं दे.

गुणाजी

२ जुलै

समीक्षा,

तुझा निरोप आला. "बाबा, मी कोणालाही पाठवलेलं नाही. पण इतका संशय येत असेल तर एकदा आत जाऊन बघा." पहिल्या वाक्यावर विश्वास बसत होता, दुसऱ्याने उडाला. मी आत जावं असं तुला का वाटतं?

तरी गेलो. तू सांगितलंस म्हणून नाही. समोरून जेवढं दिसतं तेवढ्यावर माझं समाधान होईना म्हणून.

आत दोन कॅरम बोर्ड, चार कम्प्युटर, कपाटभर पुस्तकं. पोलीस भरतीची जास्त. काळूशेठचा पुतण्या प्रितम, जो आजपर्यंत बाईकवरून उतरला नव्हता, तो तिथे खाली मान घालून गणितं सोडवत बसलेला. मला बघून लाजला आणि वही झाकली. संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो.

भिंतीवर क्रूस नाही. मी शोधला. कपाटाच्या मागेही बघितलं. शालू मागे येऊन उभी राहिली. "काय शोधताय काका?"

मी म्हटलं, "झुरळं."

"सापडली तर सांगा. आम्हीपण शोधतोय."

हसली नाही बोलताना. मला ते आवडलं नाही. म्हणजे तिला कळलं होतं आणि कळल्याचं तिने दाखवलं नाही. असा माणूस धोक्याचा.

आता रोज पेपर वाचायच्या निमित्ताने जाऊन बसतो. चहा घेत नाही.

एक गोष्ट मात्र पकडली आहे. गुरुवारी दुपारी मुलं निघून जातात, मुली थांबतात, आणि शटर अर्ध्यावर येतं. प्रार्थना चालत असणार. काळूशेठला सांगितलंय, पुढच्या गुरुवारी आपण दोघं न सांगता आत शिरायचं. बघू काय म्हणतो आता.

गुणाजी

२१ ऑगस्ट

समीक्षा,

मागच्या पत्रात गुरुवारचं लिहिलं होतं, त्याचं काय झालं ते तू विचारलंस. लिहायचं नव्हतं, पण विचारलंस म्हणून.

आम्ही दोघं गेलो. शटरखालून वाकून आत. काळूशेठचं पोट अडकलं, मला ओढावं लागलं, त्यामुळे अचानक वगैरे काही राहिलं नाही. आत पाच-सहा मुली खाली बसलेल्या आणि मध्ये करिश्मा उभी. अंगात कुणाचा तरी काळा कोट. समोर रिकामी खुर्ची. त्या खुर्चीकडे बघून ती अडखळत इंग्रजीत बोलत होती. आम्हाला बघून थांबली.

काळूशेठने विचारलं, "काय चाललाय?"

शालू म्हणाली, "बोलायचा सराव. पोरींना लोकांसमोर बोलायची भीती वाटते ना, म्हणून."

मुली सगळ्या शालूकडे बघत होत्या. करिश्मा जमिनीकडे. काळूशेठ खूश झाला, पोरगी इंग्रजी बोलते म्हणून. बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, तुमी पन ना!"

 पण तुला सांगतो, रिकाम्या खुर्चीशी कोणी उगाच बोलत नाही. त्या खुर्चीत त्यांच्या मनात कोणीतरी बसलेलं होतं.

त्यानंतर करिश्माचं लग्न ठरलं. मुलगा भिवंडीकडचा, तीन गोदामं आहेत, एकुलता एक. काळूशेठने गल्लीभर पेढे वाटले. करिश्माची आई तुळसा मला पेढा द्यायला वर आली तेव्हा म्हटलं, "पोरगी खूश आहे ना?" तर म्हणाली, "पोरीला कोन इचारतो काका," आणि हसली. गंमत करत असेल.

काल शालूने मला थांबवलं. म्हणाली, "काका, समीक्षाताई तुमचीच मुलगी ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुला कोणी सांगितलं?"

"करिश्माने. तिला ताईंनी पाढे शिकवले होते म्हणे. ती त्यांची सारखी आठवण काढते. ताई कशा आहेत?"

मी पेपर तसाच टाकून निघून आलो. माझ्या घरातलं नाव त्या गाळ्यात घेतलं जातंय. आणि तू म्हणतेस तुझा काही संबंध नाही.

शेवंती असती तर तिने आई म्हणून तुझ्या तोंडून काढून घेतलं असतं. मला ते जमत नाही.

गुणाजी

५ ऑक्टोबर

समीक्षा,

मी म्हणत होतो ते झालं.

परवा दुपारी करिश्मा घरातून गेली. काळूशेठ शहाडला बहिणीकडे गेला होता, संध्याकाळी आला तर मुलगी नाही, फोन बंद. रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी गल्ली गाळ्यासमोर. प्रितम आणि त्याची पोरं पुढे. शालूला मध्ये उभी केलेली. कोणी म्हणे पोरीचं धर्मांतर केलं, कोणी म्हणे विकली. तुळसा पायरीवर बसून छाती पिटत होती. बाई असं रडते तेव्हा बघवत नाही.

शालू एकच सांगत होती. "करिश्मा सुखरूप आहे एवढंच मला माहीत आहे. ती सज्ञान आहे, तिच्या मर्जीने गेलीय. पोलीस चौकीत तिचा अर्ज आहे." प्रितम ओरडला, "कुठे गेली ते बोल ना! सुखरूप आहे म्हणजे तुला पत्ता माहीत आहे!" तिने तेच पुन्हा सांगितलं. त्याने कॅरम बोर्ड उचलून रस्त्यावर आपटला.

मग तो माझ्याकडे वळला. "ओ काका, तुम्ही तर आपल्या गल्लीचा सीसीटीव्ही ना? फुल टाइम खिडकीत. दुपारी काय बघितलं सांगा. हिच्याबरोबर गेली ना ती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काळूशेठ पुढे आला, माझे दोन्ही हात धरले. "काका, माजे पोरीला बगलीव का तुमी? मना खरा सांगा."

मी म्हटलं, नाही. दुपारी ऊन येतं म्हणून खिडकी लावली होती. झोपलो होतो.

तसंच होतं ते. झोपलो होतो.

काळूशेठ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. एवढा धिप्पाड माणूस. चौकीतून हवालदार आले म्हणून शालू वाचली. गाळ्याला काळूशेठने स्वतःचं कुलूप लावलं.

तुला यातलं काही माहीत असेल तर आता तरी सांग. त्या बापाचे हाल बघवत नाहीत.

गुणाजी

९ ऑक्टोबर

समीक्षा,

तू लिहिलंस की तुला काहीच माहीत नाही. शालूला तू कधी भेटलेली नाहीस. आणि पुढे लिहिलंस, "पण बाबा, तुम्ही दुपारी कधीपासून झोपायला लागलात?"

नोकरीत असताना मला असा एक जरी साहाय्यक मिळाला असता तर!

मी झोपलो नव्हतो. खिडकी उघडी होती. तुला खोटं लिहिलं. गल्लीतल्या माणसांसमोर तोंडातून निघून गेलेलं खोटं मी तुझ्यासाठी कागदावरही उतरवलं, आणि उतरवताना वाटलं की दोनदा लिहिलं की ते खरंच होईल.

मी सगळं बघितलं. गाळ्याच्या मागच्या बोळात रिक्षा उभी होती. आधी शालू आली. मग करिश्मा, हातात बॅग, चालता चालता ओढणी सारखी करत. मी खिडकीत उठून उभा राहिलो. म्हटलं, सापडले. एवढे महिने ज्याच्यासाठी बसलो ते आता डोळ्यांसमोर घडतंय. ओरडायचं एवढंच बाकी होतं. खाली पानवाला होता, प्रितमची पोरं नाक्यावर होती. एका हाकेत रिक्षा अडली असती.

पण मी आधी चेहरा बघितला. सवय आहे ती. फूस लावून नेलेला माणूस मला कळतो गं. तो आपण कुठे चाललोय ते बरोबरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो. ही शालूकडे बघतसुद्धा नव्हती. शालूनेच विचारलं, हाताने, जायचं ना? करिश्माने मान हलवली. बोळाच्या तोंडाशी वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आपली आपण रिक्षात बसली. शालू तर बसलीच नाही. रिक्षावाल्याला काहीतरी सांगितलं आणि बाजूला झाली.

तो तिकीट काढून बसलेल्या माणसाचा चेहरा होता. अशा माणसाला मी कधी उठवलेलं नाही.

म्हणून हाक मारली नाही. आणि दुपारी हाक मारली नाही म्हटल्यावर रात्री तरी काय सांगणार होतो?

पण काळूशेठ माझा मित्र आहे. तुझी आई गेली तेव्हा तिरडीची पुढची बाजू त्याने धरली होती. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसतो. कालही बसलो. तो म्हणतो, "काका, तुमचा डोला त्या दिवशीच कसा लागला?" आणि मी त्याचा चहा पितो.

मी बरोबर केलं का ते तुला विचारत नाही. तू काय सांगशील ते मला माहीत आहे, आणि ते ऐकून मला बरं वाटेल याचीच भीती वाटते.

बाबा

८ डिसेंबर

चि. समीक्षा हिस,

बरेच दिवस लिहिलं नाही. काय काय झालं ते आधी सांगतो, मग एक विचारायचं आहे.

करिश्मा नाशिककडे नर्सिंग कॉलेजात आहे. चौकीतल्या साहेबांनी काळूशेठला समोर बसवून तिच्याशी व्हिडिओवर बोलायला लावलं. मागे पलंगांची रांग, अंगात पांढरा गणवेश. ती रिकामी खुर्ची प्रवेशाच्या मुलाखतीची होती, आता कळलं. शालूने फॉर्म भरून दिला, वसतिगृहाची सोय चर्चने केली. म्हणजे मी म्हणत होतो ते चूक नव्हतं. लपवत होतेच ते लोक. फक्त मी जे शोधत होतो ते लपवत नव्हते.

काळूशेठने विचारलं, "धर्म बदललास काय?" करिश्मा म्हणाली, "पप्पा, हितं सकाली पाचला उठवतान. येल कोनाला हाय?" साहेब हसले. काळूशेठ उठून बाहेर गेला. लग्न मोडलं. भिवंडीवाल्यांनी बरंच ऐकवलं, ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. पोरीचं नाव तो अजून घेत नाही. पण परवा मला विचारत होता, नाशिकला थंडी किती असते.

गाळा महिनाभर बंद होता. तरी पोरं संध्याकाळी येऊन शटरसमोर बसायची. शेवटी प्रितमनेच काळूशेठकडे जाऊन सांगितलं की भरतीची पुस्तकं आत अडकलीत, परीक्षा तोंडावर आहे. ज्याने कॅरम फोडला त्यानेच कुलूप काढायला लावलं. काळूशेठने एक अट घातली. शालू नको. चर्चने तिला पनवेलकडे पाठवलं. जाण्याआधी मी तिला स्टेशनवर गाठलं. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण निघालं भलतंच. म्हटलं, "तू मला खिडकीत बघितलं होतंस का?"

"हो काका."

"मग सगळ्या गल्लीसमोर मी 'झोपलो होतो' म्हणालो तेव्हा काही बोलली का नाहीस?"

म्हणाली, "तुम्ही बोललात ना." आणि गाडी आली. तिच्या हातचा चहा मी कधी घेतला नाही. आता तिच्या जागी एक पोरगा आलाय, फार गोड बोलतो. त्याच्यावर माझं लक्ष आहे.

आता मुद्द्याचं.

परवा दुपारी तुळसा वर आली. काळूशेठ झोपला होता. दारात उभी राहून म्हणाली, "काका, तुमी बगला व्हता ना?"

मी म्हटलं, "काय?"

"माजी पोर जाताना. मी मागल्या दारान उबी व्हती. वर बगला त तुमी खिरकीन. माजा जीव गेला. म्हटला, आता हा मानूस बोंब मारतो."

मी खुर्ची पुढे केली. ती खुर्चीच्या काठावर बसली आणि सगळं सांगितलं. बॅग तिनेच भरली होती. लग्नासाठी घेतलेले नवे ड्रेस, वर लाडवांचा डबा. नवऱ्याला शहाडला तिनेच पाठवलं, नणंदेला पत्रिकेचा मजकूर दाखवून या म्हणून. शालूकडे पहिल्यांदा गेली ती करिश्मा नव्हे, तुळसा. आणि रात्री पायरीवर बसून छाती पिटली तीही तिनेच.

मी म्हटलं, "मग ते रडणं?"

"ता खरा व्हता काका," ती म्हणाली. "पोर गेली ना माजी."

जाताना पाया पडली. मी पाय मागे घेतले. ती गेल्यावर किती वेळ दार लावायचं राहिलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू घर सोडून गेलीस त्या दिवशी सकाळी शेवंतीने मला कल्याणला पाठवलं होतं. रामबागेत तिच्या बहिणीकडे. म्हणाली, पापड संपलेत, आजच्या आज घेऊन या. सुट्टीचा दिवस, बाहेर कडक ऊन, मी कुरकुरत गेलो. तुझ्या मावशीला मी येणार हे माहीतच नव्हतं, तिने शेजारणीकडून पापड गोळा करून दिले. घरी आलो तर तू गेलेली, शेवंती भिंतीला टेकून रडतेय. चार दिवसांनी मी पापड ठेवायला डबा काढला तर तो गच्च भरलेला होता.

तेव्हा वाटलं, विसरली असेल. दुःखात माणूस विसरतो. पण डबा मी दुःखानंतर उघडला, आणि तिने मला पाठवलं ते आधी. इतकी वर्षं बस तपासल्या आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

ती नंतर रडायची, पण रडताना माझ्याकडे बघायची नाही. मी समजायचो, माझ्यावर राग आहे.

मला खरं सांग. तुझी बॅग कोणी भरली होती?

मी रागावणार नाही. रागवायला ती इथे नाही, आणि तुझ्यावर रागवायचं आता अंगात राहिलेलं नाही. फक्त मला माहीत हवं आहे. तिने बॅगेत काय काय घातलं, तू निघताना ती काय म्हणाली, दारापर्यंत आली की खाली रिक्षापर्यंत. सगळं सांग. तिच्याबद्दल मला ठाऊक नसलेलं काही अजून शिल्लक आहे, या विचाराने काल कित्येक महिन्यांनी मला नीट झोप लागली.

पत्रात लिहू नकोस. कोपरीहून कोपर काही लांब नाही. विनीतला घेऊन ये. मी दुपारचा झोपत नाही.

अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा